कुंपणामागची राख

१

सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेचं मागचं दार उघडलं, तर कुंपणापलीकडे जिथे आमचा ढीग असायचा तिथे नुसती राख पसरली होती. बारीक, करडी राख, आणि मधूनच धुराची एखादी रेघ अजून वर चढत होती.

ढीग म्हटल्यावर कोणी म्हणेल, त्यात एवढं काय. सांगते.

आमची प्रयोगशाळा सरकारी, आणि लाकडाची. पळसदरीच्या अलीकडे, रुळांपासून थोडी आत. विजेचे खांब आणि रुळांखालचे स्लीपर वाळवीने खाऊ नयेत म्हणून लाकडाला औषध पाजायचं आणि मग ते किती वर्षं टिकतं ते बघत बसायचं, हे आमचं काम. औषध म्हणजे मुख्यतः सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि मोरचूद. त्याने वाळवी मरते आणि जास्त झालं तर माणूसही मरतो. असं लाकूड कापल्यावर जो हिरवट भुसा पडतो त्याचं काय करायचं, हा प्रश्न इथे कोणाला कधी पडलाच नव्हता. थोडा ओढ्याकाठी जायचा. बाकीचा कमळ्या नावाचा गाडीवान शिळफाट्याच्या बेकऱ्यांना भट्टीसाठी नेऊन द्यायचा. हे मला कळलं त्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत इतक्या मोठ्याने बोलले की शिपायाने बाहेरून दार ओढून घेतलं.

त्यातून समिती निघाली. सरकारात आरडाओरडा केला की समिती निघतेच. खोपोलीच्या बाजूला जनावरांच्या रोगांची दुसरी सरकारी प्रयोगशाळा होती. त्यांच्याकडे शेणाचे डोंगर आणि माश्यांचे थवे. दोघांनी मिळून कचऱ्याचा बंदोबस्त करावा असं ठरलं. त्यांचे प्रमुख डॉक्टर पेंडसे पहिल्या बैठकीत म्हणाले, "एक काडी लावा, संपलं." सोमलाचा धूर पोटात गेला तर काय होतं ते मी त्यांना सविस्तर ऐकवलं. तेव्हापासून ते माझ्यापेक्षाही कडक झाले. युक्तीही त्यांनीच काढली. खाली शेणाचा जाड थर, म्हणजे विष जमिनीत झिरपायला वेळ लागेल. त्यावर आमचा भुसा आणि ढलप्या. त्यावर पालापाचोळा, आणि सगळ्यात वर चाळलेली माती, म्हणजे भुसा वाऱ्यावर उडणार नाही आणि गुरं तो चाटायला येणार नाहीत. सिमेंटची पक्की टाकी बांधून होईपर्यंत एवढी सोय पुरे होती. आवारात लाकडाचे साठे, म्हणून ढीग मागच्या कुंपणाबाहेरच्या सपाट पट्टीवर रचला. बाजूला 'धोका' अशी पाटीही लावली. दोन खात्यांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम, आणि मला त्याचं भारी कौतुक होतं.

आता त्याची राख झाली होती.

साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. "पोलिसांत कळवतो," ते म्हणाले. "हा घातपात आहे. आणि हा धाकलू काल ड्यूटीवर नव्हता."

धाकलू आमचा पहारेकरी, वरच्या वाडीतला. तो खाली मान घालून कुंपणाशी उभा होता. मी मात्र राखेकडे बघत होते.

"साहेब, पोलीस नंतर बघू," मी म्हटलं. "ज्याने हे पेटवलं त्याने हा धूर घेतला असेल. तो आत्ता कुठेतरी पडलेला असणार. त्याला शोधायला हवं. चोर म्हणून शोधलं तर तो लपून बसेल आणि लपल्या जागी मरेल."

२

येसाजी हवालदारांना आणायला मी जीप पाठवली. खालापूरच्या पोलीसठाण्यातून निवृत्त झालेले, शिळफाट्याला मुलाच्या सायकल दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसणारे गृहस्थ. माझी चोरीला गेलेली सायकल त्यांनी एकदा खुर्चीतून न उठता शोधून दिली होती. निवृत्त माणसाला सरकारी कागद लागत नाहीत, आणि राग ओसरल्यावर साहेबांनाही कागद नकोसे झाले होते. दिल्लीचे लोक आमची ही जोडयोजना बघायला यायचे होते.

हवालदार आले. राखेच्या बाजूने सावकाश एक फेरी मारली, मग उलटी दुसरी. डोक्यावरची टोपी मागे सारली.

"बाई, काल वारा कुठून व्हता?"

"दुपारनंतर नेहमीसारखा पश्चिमेचा. आभाळही भरून आलं होतं. घाटावर गडगडत होतं, पण पडला नाही."

"मग ह्ये बघा." राखेच्या पूर्वेच्या टोकाला जळक्या चुडीचं बुडखं पडलं होतं. चूड म्हणजे वाळल्या झावळीची बांधलेली मशाल. "आग इथनं लावलीय. वाऱ्याच्या उलट्या अंगानं. आता मला सांगा, मला तुमचं वाटोळं करायचं असतं तर मी कुठनं लावली असती?"

"पश्चिमेकडून. वाऱ्याने भडकली असती."

"आन तुमच्या लाकडाच्या गोदामावर गेली असती." त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवलं. ढीग आणि कुंपण यांच्यामधलं वाळलेलं गवत कोणीतरी विळ्याने कापून काढलं होतं, जमीन झाडून घेतली होती. एका बाजूला करपलेल्या पानांची एक ओली फांदी पडली होती. "ठिणगी उडली की हिनं बडवायचं. ह्या मानसानं आग लावली, पन तुमच्या कुंपनाला झळ लागू दिली नाय. लई जपून लावलीय."

"जपून आग लावणारा गुन्हेगार?" साहेब म्हणाले.

"तेच तर मला बी समजंना."

ते वाकून पुढे गेले आणि करवंदीच्या जाळीपाशी थांबले. तिथलं गवत दबलं होतं. कोणीतरी बराच वेळ बसलं होतं. शेजारी मडकं ठेवल्याची गोल खूण, आणि तिथली माती अजून ओलसर.

"लावून पळाला नाय," हवालदार हळू आवाजात म्हणाले. "इजस्तोवर बसला. राखन करत."

मी करवंदीच्या जाळीकडे बघितलं आणि मग राखेकडे. जाळी पूर्वेला होती. वारा पश्चिमेचा. सगळाच्या सगळा धूर त्या बसलेल्या माणसाच्या अंगावरून गेला होता.

३

"काल गावात कोणाला धूर दिसला नाही का?" मी विचारलं.

हवालदार हसले. "बाई, कोनाला इचारता? समोर बघा." खालच्या शिवारात चार ठिकाणांहून धूर चढत होता. चैत्र संपत आला की इकडे शेतातून असे धूर निघतातच. मी इतक्या वर्षांत त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. हवालदारही बाजारात वाढलेले. "त्यात तुमचा एक जास्ती धूर कोनाला वळखू येनार?"

पहिला पकडला तो कमळ्या. भुसा बंद झाल्यापासून तो समितीच्या नावाने बोटं मोडत होता, हे सगळ्या शिळफाट्याला ठाऊक होतं. त्याला शिळफाट्यावरून जीपमध्ये घालून आणला.

"मी कशाला जाळू?" तो खवळून म्हणाला. "काल माझ्या मेव्हन्याची हळद व्हती. साऱ्या गावानं मला नाचताना बघितलाय. नाय बघितला त्यानं बी ऐकलाय."

"तुला राग व्हता ना रं?"

"व्हता ना. हाय बी. पन हवालदार, मला भुसा पायजे व्हता. जाळून मला काय भेटनार?" मग माझ्याकडे वळून जरा दबकत, "बाई, त्यो भुसा खरंच वंगाळ व्हता का वो? बेकरीतला पाव माझी पोरं बी खायाची."

त्या बेकऱ्या मी कधीच बंद करायला लावल्या होत्या, पोरं ठीक आहेत, असं मी सांगितल्यावर त्याने कपाळावरचा घाम पुसला. हवालदारांनी त्याला सोडून दिलं. हळदीत नाचणारा माणूस करवंदीच्या जाळीत बसून राखण करत नाही.

तोवर डॉक्टर पेंडसे येऊन पोचले होते. खोपोलीहून स्कूटर मारत, चष्म्यावर धूळ घेऊन.

"मीच म्हटलं होतं ना, एक काडी लावा," ते स्वतःहूनच म्हणाले. "तेव्हा माझंही नाव घाला यादीत."

"घातलं व्हतं," हवालदार म्हणाले. "खोडलं बी. तुमी लावली असती तर चुडीनं नसती लावली. तुमी आख्खी काडीपेटी संपवली असती."

पेंडसे हसले नाहीत. "बाई, माझ्या कपाटात सोमलावरचं इंजेक्शन आहे. कीटकनाशक चाटलेल्या गाईंसाठी ठेवतो. माणसांनाही तेच देतात. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. पण द्यायचं कोणाला? आणि उशीर झाला तर त्याचा उपयोग नाही."

तेव्हा राहिला धाकलू.

त्याला आम्ही चिंचेखाली बसवला. काल दुपारी त्याला निरोप आला होता. कळंबला दिलेली लेक जनी अडली होती. तो रजा न मागता पायी धावला. पहाटे तिला मुलगी झाली आणि तो उलट पावली परत आला. हे सगळं तो सरळ सांगत होता. पण ढिगाची गोष्ट निघाली की त्याची नजर जमिनीवर जायची.

"कुनी लावली आसंल?" हवालदारांनी विचारलं.

"मला नाय ठाव."

"वाडीत लोकांना म्हाईत व्हतं का, ढिगात विष हाय म्हून?"

"मी सोता घरोघर जाऊन सांगितलं व्हतं. त्या पाटीचा काय उपेग? वाडीत वाचतंय कोन? म्हून तोंडानं सांगितलं. पोरासोरांना दम भरला."

"आन ही पट्टी? कुंपनाभायेरची? ही पयल्यापासून सरकारची का?"

 धाकलूने गवताची एक काडी तोडली, तिचे तुकडे केले.

"आमची व्हती," तो म्हणाला. "माझ्या बापाची. थोरला भाऊ आन मी हितंच रोपं करायचो. भाऊ गेला, मग सरकारनं जागा घेतली आन मला पहाऱ्याची नोकरी दिली."

साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "झालं की. जमीन गेल्याचा राग. इतकी वर्षं मनात ठेवून त्याने..."

"साहेब, तो कळंबला होता."

"मग वाडीतलं कोणीतरी त्याच्या वतीने." एवढं बोलून साहेब फोनकडे निघाले.

त्यांचं अर्धं बोलणं खरं निघालं, हे मला नंतर कळलं.

४

हवालदारांनी साहेबांना थांबवलं नाही. ते धाकलूच्या शेजारी मातीत बसले आणि खालच्या धुरांकडे बघत राहिले. मग गप्पा मारल्यासारखं म्हणाले, "धाकलू, मी बाजारातला मानूस. ही धुरं कसली रं?"

"राब भाजत्यात." धाकलू नाइलाजाने बोलला. "भाताचं रोप जिथं करायचं ती जमीन आदी भाजून घ्याची. म्हंजे तन मरतंय, राख खत व्हती."

"आन रचत्यात कसा?"

धाकलूने राखेकडे पाहिलं. 

"सांग ना. खाली काय?"

"खाली... शेन."

पेंडशांनी चष्मा काढला.

"मग?"

"मग झाडाच्या फांद्या. मग पाला. आन वरून चाळलेली माती, आग दमानं चालावी म्हून. वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचा. भडकला तर जमीन भाजत नाय." तो एका दमात बोलला आणि थांबला.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेण पेंडशांचं होतं, लाकूड माझं होतं, पाला आणि माती समितीने एकमताने मंजूर केली होती. दोन खात्यांनी मिळून, नकाशा काढून, भाताच्या रोपाच्या जुन्या जागेवर एक उत्तम राब रचला होता. चैत्रात. आणि वर आभाळ भरून आलं होतं.

"पाऊस पडला आसता तर?" हवालदारांनी विचारलं.

"भिजला की राब वाया. पुन्हा कुठनं आननार एवढा पाला?"

"तुला सकाळीच कळलं व्हतं."

"राख बघितली तवाच कळलं," धाकलू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चूड बघितली, झाडलेली जमीन बघितली. कुनीतरी माझा राब समजून भाजला. मी नव्हतो, आभाळ आलं व्हतं, म्हून भाजला. माझ्यावर उपकार केला त्यानं, आन मी त्याचं नाव शोदून त्याला बेड्या घालू? म्हून गप बसलो. पन कोन ते मला खरंच नाय ठाव, हवालदार. वाडीत मी सगळ्यांना सांगितलं व्हतं. कुनाला म्हाईत नाय असं घर नाय."

हवालदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धाकलू, नीट ऐक. बेड्याबिड्या काय नाय. ज्यानं भाजला त्यो त्या करवंदीत बसला व्हता, धुरात. बाई म्हनत्यात ते विष हाय. त्यो आता घरात पडलाय आन त्याला वाटत आसंल ऊन लागलं. औशिद हाय, पन मानूस सापडाय पायजे. आता मला सांग. ज्याला म्हाईत व्हतं त्यानं काय पेटवला नाय. म्हंजे पेटवनाराला म्हाईत नव्हतं. तू घरोघर गेलास. कोनाच्या घरी नाय गेलास?"

"सगळ्या..."

धाकलू तिथेच थांबला. त्याचा चेहरा माझ्यादेखत बदलला. मी माणसाला इतकं घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"वयनी," तो म्हणाला, आणि उठून पळत सुटला.

५

वाडीच्या वरच्या अंगाला एकटं घर होतं. धाकलूच्या थोरल्या भावाची बायको गौराबाई तिथे राहायची, तिला मूलबाळ नव्हतं. जागा सरकारात गेली तेव्हा कागदावर अंगठा धाकलूने दिला होता. नवऱ्याची जमीन विकून याने नोकरी घेतली, असं तिने धरलं. तेव्हापासून दीर-भावजयींचं बोलणं बंद. दोन्ही घरांच्या वाटेवर गवत उगवलं होतं, असं वाडीतले लोक म्हणायचे, आणि खरोखरच उगवलं होतं. जीप त्याच गवतावरून नेली.

दार लोटलेलं होतं. गोठ्यात शेळ्या कालपासून बांधलेल्याच होत्या आणि जीव तोडून ओरडत होत्या. धाकलू आमच्या आधी पोचला होता, पण उंबऱ्यापाशी अडून उभा होता. इतक्या वर्षांत तो उंबरा त्याने ओलांडला नव्हता.

"जा की रं," हवालदार मागून ओरडले.

तो आत गेला. गौराबाई चटईवर पडली होती. डोळे सुजून मिटलेले, ओठांना कोरड, शेजारी पितळीत ओकारी. धाकलूने खाली बसून हाक मारली, "वयनी, मी हाय."

तिने आवाज ओळखला. मिटल्या डोळ्यांनीच तोंड भिंतीकडे फिरवलं. मरायला टेकलेली बाई, पण अबोला मोडायला तयार नव्हती. मला हसू आणि रडू एकदम आलं.

धाकलूने पुढे काही विचारलं नाही. तिला लहान पोरासारखी उचलली आणि जीपमध्ये मागच्या बाकावर मांडीत घेऊन बसला. कर्जतपर्यंत खड्ड्यांतून जाताना तो तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून होता. पेंडसे स्कूटरवरून खोपोलीला उलटे गेले आणि आम्ही तिला खाटेवर घेईपर्यंत इंजेक्शनं घेऊन दवाखान्यात हजर झाले. तिथल्या डॉक्टरांनी बाटलीवरची अक्षरं दोनदा वाचली, तिची नाडी बघितली, आणि सुई भरली.

"वाचेल?" धाकलूने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत सांगतो," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं, पण नक्की असं काही नाही. दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायली आणि ते पोटात राहिलं. तेव्हा पेंडसे व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "आपण दोन खाती एका टेबलाशी बसलो म्हणून किती खूश होतो. टेबल कुंपणाच्या आत होतं. बाहेर राहणाऱ्या एकाही माणसाला आपण विचारलं नाही, की असा ढीग तुम्हाला कसला वाटेल म्हणून. एक जण जरी असता तर पहिल्याच दिवशी हसला असता."

त्यानंतरची समितीची बैठक आम्ही वरच्या वाडीत, पिंपळाच्या पारावर घेतली. कमळ्यालाही बोलावलं; भुशाच्या गोण्या बंद गाडीतून टाकीपर्यंत नेण्याचं काम त्याने घेतलं. ती राख आम्ही हातमोजे घालून खरवडली, पिंपांत भरली, वर सिमेंट ओतलं. वाडीतल्या बायकांनी त्या बैठकीत जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं द्यायला आम्हाला सगळा पावसाळा पुरला नाही. साहेबांनी पोलिसांतली तक्रार मागे घेतली आणि धाकलूची गैरहजेरी बाळंतपणाच्या रजेत घातली. पुरुषाला तशी रजा नसते हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते दवाखान्यातलं.

गौराबाई उशीला टेकून बसायला लागली त्या दिवशी मी तिला भेटायला गेले. धाकलू दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन. तो रोज यायचा आणि दाराशीच उभा राहायचा.

"बाई," गौराबाई मला म्हणाली, "त्याला सांगा, राब चांगला भाजला व्हता. मी शेवटपातूर बसले व्हते."

धाकलू पाच हातांवर होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"बाई, तिला इचारा," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तिनं माझा राब भाजायचं कारन काय?"

"त्याला म्हनावं, जागा परत आली तर मानसानं सांगाय नको? मी वरनं बघितलं. आपल्या पट्टीत शेन पडलं, पाला पडला, माती पडली. मला वाटलं, सोडवली यानं जागा. त्यांच्या बापाची जागा. सोडवली आन मला सांगितलं नाय, अबोला हाय म्हून. मग आभाळ आलं. ह्यो कळंबला पळालेला. मी काय बघत बसू?"

"आणि मग गावात विचारपूस चालली होती, तेव्हा तुम्ही काहीच का..." मी म्हटलं.

"मला काय म्हाईत? मी पडलेली. आन सांगितलं आसतं तर त्यो आला आसता उपकार मानाया. मग मला बोलाया लागलं आसतं."

मी उठले. "मी सरकारी नोकर आहे," मी दोघांनाही म्हटलं. "तुमचे निरोप पोचवणं माझ्या कामात बसत नाही."

 मग धाकलू पुढे आला आणि खाटेपाशी जमिनीवर बसला.

"वयनी, त्यो राब नव्हता," तो म्हणाला. "जागा नाय आली परत. सरकारचीच हाय ती. त्ये सरकारचं विष व्हतं, आन मीच रचलं व्हतं. साऱ्या वाडीला सांगितलं, तुला नाय सांगितलं. तुज्या दारात यायची लाज वाटली."

गौराबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचे सुजलेले डोळे भरून आले. विषाचं तिला काही वाटलं नसावं. जागा आली नव्हती, तेच तिला लागलं होतं. कुंपणामागे बसून, तो धूर घेत, सगळी संध्याकाळ तिने जी सुखात काढली होती, तीच खोटी ठरली होती. मला वाटलं, आता ही पुन्हा भिंतीकडे वळणार.

"म्हंजे तुला या वर्सी रोपाला जागाच नाय?" तिने विचारलं.

"नाय. कुठल्याच वर्सी नसती. मी रोपं इकत आनतो."

"इकत!" ती केवढ्यांदा म्हणाली. "माझ्या वाट्याचं खालचं खाचर पडीक ठेवून? मी बी औंदा राब केला नाय. एकटीनं कुनासाटी पाला गोळा करायचा?" मग एक श्वास घेऊन, "दिस हायेत आजून. पाला आन. दोघांची रोपं एका जागी करू."

 धाकलूने मान हलवली. मग नाक पुसत म्हणाला, "पेटवाय तूच ये वयनी. पन धुराच्या तोंडी बसू नको. वाऱ्याच्या अंगाला बसायचं."

"मला शिकवतोस?" गौराबाई म्हणाली. "तुला चूड धराय कुनी शिकवली रं? तुज्या भावानं? तुज्या भावाला तरी कुठं येत व्हती?"

"दादाला काय बोलू नको."

"बोलनार. माझा नवरा व्हता."

आणि ती दोघं जी भांडायला लागली ती थांबेनातच. नर्स धावत आली. मी तिला दाराशीच अडवलं आणि म्हटलं, असू द्या, फार वर्षांचं साठलंय. मग आम्ही दोघींनी हळूच दार ओढून घेतलं.